साडेसातशेचा ओबीडी स्कॅनर: तीन वर्षं वापरल्यानंतर

काडेपेटीहून जरासा मोठा, निळ्या पारदर्शक प्लास्टिकचा आणि आतली हिरवी पट्टी, बारीक दिवे बाहेरून दिसणारा हा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं उपकरण) मी २०२२ च्या जुलैत ऑनलाइन मागवला. किंमत साडेसातशे रुपये. खोक्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. तेव्हापासून तो माझ्या गाडीच्या कप्प्यात मल्टिमीटरशेजारी (व्होल्टेज, ओहम मोजायचा मीटर) असतो. माझ्या गाडीला, भावाच्या गाडीला आणि नाशिकच्या आमच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीतल्या चार-पाच जणांच्या गाड्यांना लावून झाला आहे. तीन वर्षांत त्याचे गुण आणि दोष दोन्ही नीट कळले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी मेकॅनिक नाही, हे आधी सांगते. अंबड एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात आहे. मायक्रोमीटर, डायल गेज, प्रेशर गेज यांचं कॅलिब्रेशन करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुठलंही रीडिंग समोर आलं की ते कशाशी ताडून पाहिलंय, हा प्रश्न आपोआप पडतो. गाडीच्या बाबतीत हा प्रश्न मी फार उशिरा विचारला आणि त्यापायी जवळपास साडेसहा हजार रुपये घालवले.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. २०२२ च्या जूनमध्ये आईला घेऊन त्र्यंबकला निघालो होतो. मायको सर्कल ओलांडून सातपूरपर्यंत पोचलो, तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा लागला. गाडी चालत होती, पिकअपही बरा होता. फक्त गेले दोन महिने एव्हरेज सतरावरून चौदाच्या खाली आलं होतं आणि मी ते एसीच्या नावावर टाकत होते. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, दहा मिनिटांत सांगितलं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय मॅडम." स्कॅनिंगचे सहाशे, सेन्सर आणि मजुरी मिळून पाच हजार आठशे. जुना सेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला. दिवा गेला. आठव्या दिवशी इंदिरानगरच्या बोगद्याशी ट्रॅफिकमध्ये उभी असताना परत लागला.

पुन्हा गेले तर म्हणाले, आता मागचा सेन्सर बघावा लागेल. मी विचारलं, पुढच्या सेन्सरचं रीडिंग काय येतंय? व्होल्टेज किती? त्यावर उत्तर आलं, "कोड आलाय ना मॅडम." मी गाडी घेऊन घरी आले आणि त्याच रात्री हा स्कॅनर मागवला.

आता वस्तूबद्दल. १ एप्रिल २०१३ पासून भारतात तयार होणाऱ्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची ठरलेली पद्धत) लागू झालं. अमेरिकेत ते १९९६ पासूनच होतं. त्यामुळे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर स्टिअरिंगखाली, क्लचपेडलच्या वरच्या बाजूला किंवा फ्यूजबॉक्सजवळ सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. माझ्या गाडीत तो इतका आत आहे की पहिल्यांदा सीट मागे सरकवून, मोबाइलचा टॉर्च लावून आडवं व्हावं लागलं. स्कॅनर त्यात दाबून बसवायचा, चावी ऑनवर आणायची, फोनवर ब्लूटूथ जोडायचं. पिन १२३४. मग फोनवर एक अ‍ॅप लागतं. मी टॉर्कच्या फुकट आवृत्तीपासून सुरुवात केली आणि ती मला बराच काळ पुरली. आयफोनवाल्यांनी लक्षात घ्या, हा साध्या ब्लूटूथचा स्कॅनर आयफोनशी बोलत नाही. त्यासाठी वायफायचा किंवा बीएलई असं लिहिलेला घ्यावा लागतो. माझ्या बहिणीने न बघता घेतला आणि परत पाठवला.

या सगळ्या स्वस्त स्कॅनरांचं मूळ एकच आहे. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीची ईएलएम ३२७ नावाची चिप. तिच्या पहिल्या आवृत्तीची नक्कल झाली आणि जगभर नकला पसरल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे आज साडेसातशेत जे मिळतं ती नक्कलच असते. वरच्या "२.१" वगैरे आकड्यांवर जाऊ नका. माझ्यावरही "२.१" छापलंय, पण तो भावाच्या २००९ च्या जुन्या गाडीशी जोडलाच जात नाही, कारण त्या गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायची जुनी के-लाइन पद्धत या नकलेत धड दिलेलीच नाही. माझ्या गाडीची कॅन लाइन (त्याच कामाची नवी पद्धत) मात्र तो पहिल्याच झटक्यात पकडतो.

कोड वाचला. पी ०१३१. यातला पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सची बाजू, पुढचा शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड. शून्याच्या जागी एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड आणि त्याचा अर्थ त्या कंपनीच्या मॅन्युअलमध्येच शोधावा लागतो. पी ०१३१ चा शब्दशः अर्थ असा: पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी येतंय. सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. मी हे तीनदा वाचलं. आमच्याकडे एखादा गेज कमी दाखवतो तेव्हा पहिली शक्यता गेज बिघडल्याची असते आणि दुसरी ही की दाब खरंच कमी आहे. दुसरी शक्यता न तपासता गेज फेकून दिला तर आमच्याकडे कागदावर उत्तर द्यावं लागतं.

स्कॅनरचं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे फ्रीज फ्रेम. दिवा लागला त्या क्षणी इंजिनाची अवस्था काय होती, ते गाडीचा कॉम्प्युटर जपून ठेवतो. माझ्या फ्रेममध्ये होतं: गाडीचा वेग शून्य, आरपीएम ७८०, कूलंट ६१ अंश. म्हणजे गाडी उभी, इंजिन पुरतं तापलेलं नाही. कोड मिटवायचं बटण दाबलं की ही फ्रेमही जाते. म्हणून आधी स्क्रीनशॉट काढा आणि मगच काय ते मिटवा. माझी पहिली फ्रेम गॅरेजने मिटवली होती, ती कधीच परत मिळणार नाही.

मग लाइव्ह डेटा. पेट्रोल गाडीचा पुढचा साधा ऑक्सिजन सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली नाचत असतो. हवा जास्त झाली की खाली, पेट्रोल जास्त झालं की वर. मधली रेषा ०.४५ च्या आसपास. कॉम्प्युटर त्याच्याकडे बघून पेट्रोल कमी-जास्त करतो आणि एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण धरायला बघतो. या कमी-जास्तीचा हिशेब फ्युएल ट्रिम नावाने टक्क्यांत दिसतो. गरम इंजिनावर तो शून्याच्या आसपास, दहाच्या आत हवा. माझ्या गाडीचा लाँग टर्म (बऱ्याच काळात साठलेला) ट्रिम आयडलिंगला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, अधिक २१ होता. इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरलं की अधिक ६. सेन्सरचं व्होल्टेज आयडलिंगला ०.१ ला चिकटलेलं. पाय जोरात दाबला की सरळ ०.८५ वर उडी.

इथे मी थांबले. मेलेला सेन्सर पाय दाबल्यावर उडी मारत नाही. आणि हा तर आठ दिवसांपूर्वी बसवलेला नवा सेन्सर. शिवाय सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काजळी निघत होती. सेन्सर ओरडून सांगत होता की पेट्रोल कमी आहे आणि सायलेन्सर सांगत होता की पेट्रोल जास्त जळतंय. एव्हरेज उतरलेलं, म्हणजे सायलेन्सरचं खरं. मग सेन्सरला कुठून तरी जास्तीची हवा दिसत होती, जी इंजिनात गेलीच नव्हती.

सेन्सर असतो एक्झॉस्टच्या पाइपात, इंजिनाच्या अगदी जवळ. त्याच्या आधी कुठे फट असेल तर आयडलिंगला, धुराच्या दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो प्राणवायू दिसतो, तो "पेट्रोल कमी" म्हणतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. रेस केल्यावर धूर इतक्या जोराने जातो की त्या फटीचा परिणाम उरत नाही. माझे आकडे तंतोतंत असेच होते. कोड सुचवत होता सेन्सर, आकडे सुचवत होते गळती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, इंजिन थंडगार असताना बोनेट उघडलं. पार्किंग उघडं आहे म्हणून तिथेच सुरू केली. बंद गाळ्यात हे कृपा करून करू नका, धूर साठतो आणि तो जीव घेतो. गाडी सुरू झाल्याबरोबर शिवणयंत्रासारखा टक् टक् टक् आवाज. मी तो आवाज कित्येक महिने ऐकत होते आणि जुनी गाडी म्हणून सोडून देत होते. बागेला पाणी घालायच्या नळीचा तीन फुटांचा तुकडा घेतला, एक टोक कानाशी, दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडावरून हळूहळू फिरवत गेले. तिसऱ्या सिलिंडरपाशी तो आवाज एकदम कानात शिरला. टॉर्च टाकला तर गॅस्केटच्या (जोडातल्या सीलच्या) कडेला करड्या-काळ्या काजळीचा पंख्यासारखा डाग. पाच मिनिटांत इंजिन तापलं, लोखंड फुगून फट मिटली आणि आवाज गेला. गॅरेजमध्ये मी गाडी कायम तापवून नेत होते, आवाज त्यांना ऐकू येणारच नव्हता. पण सायलेन्सर आणि ट्रिम हे दोन्ही त्यांच्यासमोर होतं.

मॅनिफोल्ड खोलणं माझं काम नाही. द्वारकेजवळच्या एका छोट्या गॅरेजच्या चाचांकडे गाडी नेली. त्यांना काही न सांगता सकाळी थंड गाडी सोडली, फक्त "सुरू करून बघा" म्हटलं. सेल्फ मारल्याबरोबर ते म्हणाले, "गॅस्केट उडालंय ताई. एक नटही ढिला दिसतोय." गॅस्केट २८० रुपये, मजुरी सातशे. दुपारी चारला गाडी हातात. मी मागणी केली म्हणून त्यांनी वर्तमानपत्रातला तो जुना, "गेलेला" सेन्सर परत बसवून दिला. दोन दिवसांत ट्रिम अधिक ३ वर आला आणि जुना सेन्सर ०.१ ते ०.९ मध्ये असा नाचायला लागला की मी शेजारच्या सीटवर बसून तो आलेख दहा मिनिटं नुसता बघत होते. नवरा गाडी चालवत होता, त्याला वाटलं मी कुणाशी चॅट करतेय. तीन वर्षं झाली, तोच सेन्सर चालू आहे. नवा खोक्यात पडून आहे.

हे झालं मुख्य. आता स्कॅनरवर माझा विश्वास कसा बसला ते. नुसता कोड बरोबर आला म्हणून मी कुठल्या उपकरणावर विश्वास ठेवत नाही, ताडून बघायला ठरलेला आकडा लागतो. गाडीत असा एक आकडा फुकट मिळतो. चावी ऑन, इंजिन बंद ठेवलं की इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो. नाशिक साधारण सहाशे मीटर उंचीवर, म्हणून इथे ९४-९५ च्या आसपास यायला हवा. माझ्या गाडीत ९४ आला. डिसेंबरात ठाण्याला जाताना इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा पुन्हा ९४, घाट उतरल्यावर कसाऱ्यापाशी ९७, ठाण्यात १०१. येताना तेच आकडे उलटे. मला इतका आनंद झाला की घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. सेन्सर, वायरिंग, कॉम्प्युटर, स्कॅनर, अ‍ॅप ही सगळी साखळी एका घाटाने तपासून दिली. गंमत म्हणजे नेटवर जे तक्ते फिरतात त्यात "१०१ यायला हवा" असं बिनधास्त लिहिलेलं असतं. नाशिकमध्ये इंजिन बंद असताना १०१ दिसला तर उलट शंका घ्यायला हवी. इंजिन सुरू झाल्यावर आयडलिंगला हाच आकडा तीस ते चाळीसपर्यंत उतरतो. माझ्याकडे ३४.

व्होल्टेज मात्र याच स्कॅनरचं चुकतं. इंजिन चालू असताना तो बॅटरी १३.६ दाखवतो आणि माझा मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर १४.१. अर्ध्या व्होल्टची चूक. कुणी याच्यावर भरवसा ठेवून अल्टरनेटर बदलला तर चार-पाच हजार पाण्यात. बॅटरी मीटरनेच मोजा.

मीटरशिवाय हा स्कॅनर अर्धा आहे, हे दुसऱ्या एका प्रसंगाने कळलं. गेल्या जानेवारीत, निफाडच्या द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवायची वेळ आली होती त्या आठवड्यात, खालच्या मजल्यावरचे काका सकाळी दार वाजवत आले. गाडी सुरू व्हायला त्रास देतेय, सुरू झाल्यापासून पंखा फुल स्पीडला आणि टेंपरेचरचा काटा मेलेला. स्कॅनर लावला. पी ०११८, कूलंट टेंपरेचर सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. लाइव्ह डेटात कूलंट उणे ४० अंश. थंडी होती, पण नाशिकमध्ये उणे ४० नाही.

रात्रभर उभ्या गाडीची एक सोपी परीक्षा असते. सकाळी सुरू करायच्या आधी कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं यायला हवं, कारण अख्खी गाडी एकाच थंडीत रात्रभर उभी होती. काकांच्या गाडीत हवेचं ११ अंश, कूलंटचं उणे ४०. हवेचा सेन्सर ठीक, कूलंटच्या बाजूला गडबड. उणे ४० हा आकडा बहुतेक वेळा वायर तुटल्याचा किंवा कपलर (वायरी जोडणारं प्लास्टिकचं टोक) सुटल्याचा असतो. या सेन्सरमधला रोध थंडीत वाढतो आणि उष्णतेत कमी होतो, म्हणून सर्किट पूर्ण तुटलं की कॉम्प्युटरला ते भयंकर थंडीसारखं दिसतं.

काका म्हणाले, "मग सेन्सर आणतो. शालिमारला जाऊन येतो." मी म्हटलं, "काका, पाच मिनिटं थांबा." कपलर काढला. तो दोन वायरचा होता हे आधी पाहिलं. कपलरच्या दोन टोकांत स्टेपलरची पिन वाकवून शॉर्ट दिला. वायरिंग धड असेल तर आता आकडा झपाट्याने वर, शंभरच्या पलीकडे जायला हवा. तो गेला नाही, उणे ४० वरच. म्हणजे सेन्सरच्या जागी सरळ शॉर्ट दिला तरी तक्रार कायम, दोष वायरिंगमध्ये. (ही शॉर्ट द्यायची परीक्षा दोन वायरच्या तापमानाच्या सेन्सरसाठीच आहे. तीन वायरच्या सेन्सरला पाच व्होल्टचा पुरवठा असतो, तिथे वायरी एकमेकींना लावायच्या नाहीत. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर हातच लावू नये.)

मग मीटर. एक वायर बॅटरीच्या मायनसशी जुळत होती, दुसरीवर पाच व्होल्ट यायला हवे होते तिथे शून्य. वायरचा गुच्छ बॅटरीच्या ट्रेखाली जातो तिथे हात घातला तर बोटांना उंदराच्या लेंड्या लागल्या. प्लास्टिकची नळी कुरतडलेली आणि आतली एक वायर दोन तुकड्यांत. आमच्या सोसायटीच्या मागे अजून शेत आहे, थंडीत उंदीर उबेसाठी गाडीत शिरतात. वायर सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवली, गुच्छावर टेप. काका आणायला निघाले होते त्या सेन्सरचे पैसे वाचले. नंतर सेन्सरही काढून मी तो घरी नेऊन चहाच्या पातेल्यात गरम पाणी आणि माझा कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर यांच्याशीही पाहिला: २५ अंशांना २.१ किलोओहम, ८० ला साधारण ३२० ओहम. अशा सेन्सरांचे आकडे याच्याच आसपास असतात. सेन्सर उत्तम.

मीटर महाग लागत नाही. माझा साडेचारशेचा आहे. फक्त वायरच्या सालीत टोक खुपसून मोजू नका. गॅरेजमध्ये सर्रास करतात. त्या बारीक छिद्रातून पावसाळ्यात पाणी जातं आणि वर्षभरात आत तांबं हिरवं पडतं. कपलरच्या मागच्या रबरी सीलशेजारून शिवणाची बारीक टाचणी सरकवा आणि तिला मीटर लावा. आणि अर्थिंग (बॅटरीच्या मायनसशी असलेली जोडणी) तपासताना मीटरची नुसती बीप ऐकून समाधान मानू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीचा मायनस आणि सेन्सरची अर्थिंगची वायर यांच्यातला व्होल्टेज मोजा, तो ०.१ च्या खाली हवा. बीप एका धाग्यावर लटकलेली वायरही वाजवते.

जिथे स्कॅनर कमी पडतो ते आता. भावाची नवी गाडी, मे महिना, द्वारका चौकात जाम. गाडी अचानक बंद. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. वीस मिनिटांनी आपोआप सुरू. घरी आणली तर कोड काहीच नाही. गाडी तापली की असं बंद पडणं आणि गार झाली की सुरू होणं यात क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या) पहिला संशय घ्यावा, हे मला ठाऊक होतं. सेल्फ मारताना अ‍ॅपमध्ये आरपीएम शून्यच राहिला तर सेन्सरचा सिग्नल येत नाही, असं समजतं. मी तेच बघायला गेले आणि सेल्फ मारल्याबरोबर बॅटरीचं व्होल्टेज खाली गेलं, स्कॅनर बंद पडून पुन्हा चालू झाला, ब्लूटूथ तुटलं. नेमक्या त्या दोन सेकंदांतच तो उपयोगाचा होता. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच.

शेवटी चाचांकडेच गेलो. त्यांनी गाडी मुद्दाम तापवून बंद पडू दिली आणि क्रँक सेन्सरवर बाटलीतलं थंड पाणी ओतलं. पहिल्या सेल्फला इंजिन पकडलं. त्यानंतर सेन्सर काढून मीटर लावला: गार असताना आठशे ओहमच्या आसपास, हेअर ड्रायरने गरम केल्यावर सर्किट उघडं. दोन वायरचा कॉइलचा सेन्सर होता, आतली तार तापली की तुटत होती. हॉल प्रकारच्या तीन वायरवाल्याला ओहम मोजून काही कळत नाही, तिथे त्यांनाही ऑसिलोस्कोपवाल्याकडे पाठवावं लागतं, हे त्यांनीच सांगितलं. पाणी ओतून समजून घेणं मला कुठल्याही अ‍ॅपने शिकवलं नसतं. मी तेव्हापासून थंड पाण्याची बाटली गाडीत ठेवते.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. एकाच वेळी सहा-सात रीडिंग लावली की आकडे रेंगाळतात आणि आलेख पायऱ्यांसारखा दिसतो. ऑक्सिजन सेन्सर बघायचा असेल तर फक्त तो आणि आरपीएम लावा. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे हा वाचत नाही. सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरी पुरवठा असतो, म्हणून तो लावून विसरलं तर बॅटरी उतरते. आमची दिवाळीत गावाला गेलो तेव्हा आठ दिवसांत उतरली. शिवाय १२३४ हा पिन सगळ्यांना माहीत आहे, पार्किंगमध्ये कुणीही जोडू शकतो. काम झालं की काढून ठेवा. प्लास्टिकची पकड दीड वर्षात सैल झाली, आता मी त्याच्या कडेला टेपचे दोन वेढे देते.

कोणी घ्यावा? २०१३ नंतरची गाडी, अँड्रॉइड फोन आणि बोनेटखाली हात घालायची तयारी असेल त्याने. हात घालायची इच्छा नसेल तरीही गॅरेजला जाण्याआधी कोड, फ्रीज फ्रेम आणि ट्रिम यांचे स्क्रीनशॉट सोबत न्या आणि पार्ट बदलायच्या आधी विचारा की सेन्सरचं रीडिंग किती आलं आणि वायरिंग तपासलं का. चांगला मिस्त्री या प्रश्नावर चिडत नाही. चाचा तर उलट फोन हातात घेऊन आकडे वाचत बसले. एक सावधगिरी: चालू इंजिनाशी वाकताना ओढणी आणि केस बांधून घ्या, आणि पंखा चावी ऑन असताना केव्हाही स्वतःहून फिरतो हे लक्षात असू द्या.

हा स्कॅनर तुटला तर हाच परत घेणार नाही. पुढचा पंधराशे-दोन हजारांचा घेईन, सेल्फ मारताना बंद न पडणारा आणि जुन्या के-लाइनशीही बोलणारा, म्हणजे भावाची २००९ ची गाडीही त्यात येईल. घेण्याआधी विक्रेत्याला परत करता येईल का ते विचारून ठेवेन आणि पहिल्याच दिवशी तीन गोष्टी पाहीन: चावी ऑनवर मॅप ९४-९५ येतो का, सकाळच्या गार गाडीत दोन्ही तापमानं सारखी येतात का, आणि व्होल्टेज माझ्या साडेचारशेच्या मीटरशी जुळतं का. मीटर तोच ठेवणार आहे.